कोरेज्म (ईस्टरआधीचे उपासाचे चाळीस दिवस) मनापासून कसा पाळायचा? मागच्या वर्षी पंधरा दिवसांत सुटला

नगरची_गोंयात

नमस्कार मंडळी, थोडं लांबणार आहे पण वाचा प्लीज.

मी मूळची नगरची, ख्रिस्ती घरातली, चर्चमध्येच वाढलेली. नवरा कुडाळचा, हिंदू. चार वर्षं झाली आम्ही हळदोण्याला भाड्याने राहतो, खाली घरमालकीण आन्टी राहतात, त्या कॅथलिक. आमच्याकडे लहानपणी सगळा भर शेवटच्या आठवड्यावर असायचा, उत्तम शुक्रवारी बारा ते तीन वधस्तंभावरचे सात उद्गार, सात जणांचे सात संदेश, वर पत्रा तापलेला आणि आम्ही पोरं सतरंजीवर घामाघूम. त्याआधीचे चाळीस दिवस आमच्या घरी कुणी पाळलेले मला तरी आठवत नाहीत. इथे आल्यावर पहिल्यांदा बघितलं की मंगळवारी रात्रीपर्यंत इंत्रूजची (कार्निव्हलची) गाणी चालू आणि बुधवारी सकाळी आन्टी इगर्जेतून (चर्चमधून) येतात त्या कपाळावर राख घेऊन, आणि मग वाड्यावर लग्न नाही, मोठ्याने गाणी नाहीत, दर शुक्रवारी क्रुसाची वाट (येशूच्या वधस्तंभाकडच्या प्रवासाचे टप्पे घेत केलेली प्रार्थना). मला ते आतून ओढलं गेल्यासारखं झालं, खरंच सांगते.

तर मागच्या वर्षी मीही ठरवलं. चहात साखर नाही, इन्स्टाग्राम नाही, शुक्रवारी चिकन नाही. पहिला आठवडा छान गेला. दुसऱ्या आठवड्यात माझी इतकी चिडचिड व्हायला लागली की घरात सगळे माझ्यापासून जपून राहायला लागले, आणि एका संध्याकाळी मी मुलावर उगीचच ओरडले, सात वर्षांचा आहे तो, तर रडत रडत म्हणाला आई तू साखर खा ना गं. त्या रात्री मी साखरेचा चहा केला आणि सगळंच सोडून दिलं. वर्षभर ते वाक्य डोक्यात आहे. माझ्या उपासाने देव जवळ आला की नाही माहीत नाही पण पोरगा लांब गेला.

यंदा, २०२६ ला, १८ फेब्रुवारीला राखेचा बुधवार आहे. मला पुन्हा पाळायचंय, पण नुसतं काहीतरी सोडायचं म्हणून नाही. काय सोडावं, आणि मधेच मोडलं तर काय करावं? घरात बाकी कुणी पाळत नसताना कसं जमवता तुम्ही लोक? नवरा रविवारी १५ तारखेला महाशिवरात्रीचा उपास करेल, त्याला उपासाचं काही नवीन नाही, पण १९ मार्चला पाडवा आहे, सासूबाई येणार, श्रीखंड होणार. तेव्हा मी ताटावर तोंड फिरवून बसू का?

म्हापशेकार_मास्तर

बाय, तुझं वाचलं आणि मला माझी आवय (आई) आठवली, म्हणून आधी तिचं सांगतो, नियमांचं मागाहून.

नियमाप्रमाणे शुक्रवारी मांस नाही, मासळीला बंदी नाही. गोंयात इथेच गोची होते. आमच्या घरी मटण आठवड्यातून एकदा, ते पण जमलं तर, आणि नुस्तें (मासळी) रोज. शुक्रवारी मटण नाही म्हणून विसवणाच्या (सुरमईच्या) फोडी तळून जेवलो तर आम्ही काय सोडलं? आवय म्हणायची, हो कसलो उपास. म्हणून तिने स्वतःचा नियम केलेला, कोरेज्माच्या शुक्रवारी नुस्तें आणायचं नाही, पेज आणि चेपणीचं तोर (खारातली कैरी), नाहीतर सोरक (मासळीविना आमटी) आणि भात. आणि त्या दिवशीच्या मासळीचे जे पैसे वाचायचे ते बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे. शेवटच्या गुरुवारी डबा उघडून कुणा गरजवंताला द्यायची. एक वर्ष ती मासळीवाली दारात आली शुक्रवारी, पाटी तशीच भरलेली, आणि म्हणाली बाय तुम्ही सगळ्या वाड्याने उपास धरला तर मी आज काय शिजवू. आवय काही बोलली नाही. आत गेली, डबा घेऊन आली आणि होता तेवढा तिच्या पदरात रिकामा केला. पुढे आवय गेली तोपर्यंत दरवर्षी तो डबा त्या मासळीवालीचाच होता. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेन, पण कोरेज्म म्हणजे काय ते मला तिथे दारात उभं राहून कळलं, दोत्रीनीच्या (धर्मशिक्षणाच्या) वर्गात नाही.

प्रार्थना, उपास आणि दान हे तिन्ही मिळून कोरेज्म. चुलीचे तीन दगड आहेत ते, एक काढलास की भांडं कलंडतं. तू मागच्या वर्षी एकाच दगडावर भांडं ठेवलंस, म्हणून कलंडलं. साखर सोडलीस, ती कुणाला गेली? इन्स्टाग्राम सोडलंस, त्या मोकळ्या वेळात काय आलं? रिकामी जागा तशीच ठेवली की तिथे राग येऊन बसतो, माझ्या घरी पण बसलेला आहे.

आता नियम. ते लोकांना वाटतात त्याहून थोडे आहेत. खरा उपास वर्षात दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, तो अठरा वर्षं पूर्ण झाल्यापासून एकोणसाठ पूर्ण होईपर्यंतच्यांना, दिवसात एकदा पोटभर आणि दोनदा अगदी थोडं. मांस वर्ज्य चौदा वर्षांपासून पुढच्या सगळ्यांना. हे आम्हां कॅथलिकांचं, तुझ्यावर काही बंधन नाही पण माहीत असावं. आणि चाळीस दिवस म्हणतात पण १८ फेब्रुवारी ते ४ एप्रिल मोजलंस तर ४६ भरतील, त्यातले सहा रविवार धरत नाहीत, रविवार पुनरुत्थानाचा वार म्हणून.

श्रीखंडाचं म्हणशील तर खुशाल खा, सासूच्या हातचं आवडीने मागून खा. १९ मार्च संत जोसेफाचं फेस्त (सण) आहे, कोरेज्मात पडलं तरी त्या दिवशी इगर्जेत ग्लोरिया (एरवी कोरेज्मात बंद असलेलं स्तुतिगीत) म्हणतात. घर सांभाळणाऱ्या माणसाचा दिवस आहे तो, त्या दिवशी घरातल्यांबरोबर जेवण्यात काय पाप.

आणि राखेच्या बुधवारी मिसाला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) जो शुभवर्तमानाचा भाग वाचतात तो मत्तयच्या सहाव्या अध्यायातला. येशू सांगतो की उपास करशील तेव्हा तोंड पाडून फिरू नकोस, डोक्याला तेल लाव, तोंड धू, लोकांना कळता कामा नये. तुझ्या पोराने तुला तेच सांगितलं, त्याच्या भाषेत.

मोडलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत धरायचं. आवय पण कधी कधी शुक्रवार विसरायची.

रातपाळी_सिस्टर

मास्तरांनी सगळं सांगितलं, मी फक्त तब्येतीचं लिहिते कारण दरवर्षी या दिवसांत वॉर्डात बघते. डायबेटीसवाल्यांनी गोळ्या इन्सुलिन चालू ठेवून जेवण टाळू नये, साखर धपकन उतरते. गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या, आजारी माणसं, यांना इगर्जेचा नियमच लागू नाही, उगाच अपराधी वाटून घेऊ नका.

आणि एक फार महत्त्वाचं. कोरेज्मात सोरो (दारू) सोडणारे पुष्कळ असतात, चांगलीच गोष्ट आहे. पण जो माणूस वर्षानुवर्षं रोज भरपूर पितो त्याने मंगळवारी रात्री पिऊन बुधवारी एकदम बंद केली तर हात थरथरणं, भास होणं, फिट येणं इथपर्यंत जातं, जिवावर बेतू शकतं. त्याला आधी डॉक्टरकडे न्या, औषध घेऊन हळूहळू सोडू द्या. माझ्या स्वतःच्या घरात हे झालंय म्हणून जीव तोडून लिहितेय. आणि पास्कांच्या (ईस्टरच्या) दिवशी चाळीस दिवस पाळले म्हणून त्याच्या हातात ग्लास देऊ नका कृपा करून. त्या चाळीस दिवसांत त्याला एए च्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंगला घेऊन जा, गोंयात ठिकठिकाणी होतात, एकेचाळिसावा दिवस तिथे सांभाळला जातो.

दिवचलीचो

मी हिंदू, दिवचलचा, पण बोलल्याशिवाय राहवत नाही. मास्तरांचा डबा वाचून मला माझी आजी दिसली. ती चातुर्मासात दरवर्षी एक आवडती वस्तू सोडायची, एक वर्ष वांगं, एक वर्ष गूळ, आणि कार्तिकीला जी वस्तू सोडली तीच ब्राह्मणाला नाहीतर गरिबाला दान देऊन मग स्वतः तोंडात घालायची. गूळ सोडला त्या वर्षी तिने चार महिने चहा सोडल्यासारखाच केला आणि शेवटी अख्खी ढेप आमच्या शेतात येणाऱ्या गड्याच्या घरी पाठवली. म्हणायची मी खाल्ला नाही तो गूळ माझा नाही, तो कुणाचा तरी आहे, त्याच्याकडे पोचवायचा. ताई, तुमच्या नवऱ्याला हे सांगा, त्याच्या घरी पण कुणी ना कुणी असं केलेलं असणार, कुडाळात तर नक्कीच. घरात एकट्या पडणार नाही तुम्ही.

अजून एक. ईस्टर दरवर्षी वेगळ्या तारखेला का येतो ते मला कळत नव्हतं, शेजारच्या फर्नांडिस मामांनी समजावलं की तो पौर्णिमेवर चालतो, २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, तिच्या पुढचा रविवार. यंदा ती चैत्र पौर्णिमा, म्हणजे हनुमान जयंती २ एप्रिलला आणि त्यांचा पाय धुवायचा गुरुवार त्याच दिवशी. आमच्या वाड्यावर त्या संध्याकाळी दोन्हीकडे दिवे असतील.

नगरची_गोंयात

मास्तर, तुमच्या आईंचं वाचून मी ऑफिसच्या बसमध्ये रडले. देव बरें करूं (धन्यवाद). सिस्टर, हे मी आमच्या ओळखीच्या एका घरी आजच कळवते.

नवऱ्याला दिवचलच्या दादांचं वाचून दाखवलं तर तो म्हणाला माझी आजी कांदा-लसूण सोडायची पण दान वगैरे आठवत नाही, आणि मग स्वतःच म्हणाला की शुक्रवारी मी पण मासे नाही खाणार, डबा दोघांचा करू. मी काही मागितलं नव्हतं.

पण मला अजून एक अडतंय. दान कळलं, उपास कळला. प्रार्थना जमत नाही. सकाळी साडेसहाला डबे, आठला बस, रात्री डोळे मिटतात. डोळे मिटून बसले की यादीच सुरू होते डोक्यात.

व्हायोलीन_सासष्टी

मी आमच्या इगर्जेच्या कॉयरमध्ये व्हायोलीन वाजवतो, गेली वीस-बावीस वर्षं. प्रार्थनेचं मला शब्दांत फार सांगता येत नाही पण एक बघा. कोरेज्मात इगर्ज स्वतःच उपास करते. ग्लोरिया बंद, आलेलुया बंद, वेदीवर फुलं नाहीत, पाद्रीचा झगा जांभळा, पाचव्या रविवारच्या सुमारास कितीतरी इगर्जांत मूर्ती जांभळ्या कापडाने झाकतात, आणि शेवटच्या गुरुवारी ग्लोरियाला घंटा वाजल्या की त्यानंतर शनिवार रात्रीपर्यंत घंटाच नाही, लाकडाची मातराक वाजवतात, खट खट खट. आम्हां वाजवणाऱ्यांना तर ते अंगावर येतं. आधी डोळ्यांचा उपास, मग कानांचा. आणि मग त्या शांततेत आम्ही मोतेत (येशूच्या सहनाची गीतं) म्हणतो, लॅटिन आणि कोंकणी, व्हायोलीन, क्लॅरिनेट आणि खाली रबेकांव (मोठं डबल बास), इतक्या हळू की श्वास ऐकू येतो.

तर माझं म्हणणं एवढंच की तुम्ही प्रार्थना अजून एक काम म्हणून यादीत घालू नका. काहीतरी एक आवाज काढून टाका. मी कोरेज्मात स्कूटरवर इयरफोन घालत नाही, मडगाव ते घर पंचवीस मिनिटं. पहिले काही दिवस डोक्यात यादीच चालते तुमच्यासारखी, मग हळूहळू यादी संपते आणि माणसं आठवायला लागतात. आजारी असलेला, पैसे बुडवलेला, ज्याला फोन करायचा राहिलाय तो. एकेकाचं नाव घेऊन देवापुढे ठेवतो, सिग्नल आला की थांबतो, परत सुरू. तुमच्याकडे तर बस आहे, डोळे मिटता येतात.

२३ मार्चला सोमवारी गोवा वेल्हाला सांतांचं पुर्सांव आहे, जमलं तर मुलाला घेऊन जा. संतांच्या मूर्ती खांद्यावर घेऊन मिरवणूक निघते, पोरं मूर्ती बघून प्रश्न विचारतात आणि तुम्हांला उत्तरं शोधावी लागतात, तीही प्रार्थनाच होते. चालायला आवडत असेल तर सांकवाळला संत जोसेफ वाझच्या जागी कोरेज्मात पायी यात्रा जाते. मी एकदा गेलो, पायाला फोड आले, पण काळोखात शेकडो माणसं गप्प चालताहेत हे मी आयुष्यात विसरणार नाही.

कुडतरीची_लेक

मी कधी लिहीत नाही इथे, नुसती वाचते. पण वरती "ज्याला फोन करायचा राहिलाय" हे वाचलं आणि लिहायला बसले.

माझं आणि माझ्या भावाचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. आवय गेली आणि घराची इन्व्हेंटरीची (वारसा वाटणीची) केस लागली, गोंयात हे घरोघरी आहे, मी काही वेगळं सांगत नाही. वकिलामार्फतच बोलायचो. एकाच गावच्या फेस्ताला वेगवेगळ्या मिसाला जायचो म्हणजे समोर यायला नको. आणि मी दर कोरेज्मात न चुकता उपास करायचे, मटण नाही, गोड नाही, रोज तेर्स (जपमाळ), क्रुसाची वाट एक चुकवली नाही. चौदा टप्पे गुडघे टेकून. लोक मला खूप भाविक समजायचे.

तीन वर्षांमागे मी कुमसाराला (पापकबुलीला) गेले, पास्कांच्या आधी जातो तसं, आणि नेहमीप्रमाणे सांगितलं की भावाबद्दल मनात राग आहे. दरवर्षी हेच सांगायचे आणि तीन नमान मारिये (मरियेची प्रार्थना) म्हणून घरी यायचे. त्या वर्षी पाद्री नवीन होते, वयाने माझ्या मुलाएवढे. त्यांनी विचारलं फोन नंबर आहे का भावाचा. मी म्हटलं आहे. म्हणाले तुमचं प्रायश्चित्त म्हणजे एक फोन, केसबद्दल काही बोलायचं नाही, फक्त कसो आसा (कसा आहेस) विचारायचं, आणि त्याने उचलला नाही तरी तुमचं प्रायश्चित्त झालं. मला इतका राग आला त्यांचा. पन्नास तेर्स सांगितल्या असत्या तर आनंदाने केल्या असत्या मी.

चार दिवस काढले. मग एक दिवस दुपारी, घरात कुणी नव्हतं, लावला. उचलला नाही. मला आतून सुटल्यासारखं झालं की झालं माझं. पण दोन दिवसांनी परत लावावासा वाटला, का ते नाही सांगू शकत. तेव्हा उचलला. दोघंही गप्प. मी म्हटलं कसो आसा रे. तो म्हणाला गुडघे दुखतात, आणि मग म्हणाला पाडेली (नारळ पाडणारा) मिळत नाही यंदा, नारळ झाडावरच सुकतायत. मी म्हटलं आमच्याकडे येतो तो पाडेली पाठवू का. बस, एवढंच. पाच मिनिटं असेल.

केस अजून चालू आहे, खोटं कशाला सांगू. वाटणीवर आमचं अजून पटत नाही. पण त्या वर्षी आवयच्या वर्षश्राद्धाच्या मिसाचं मी त्याला कळवलं तर तो म्हणाला येतां. आला, मागच्या बाकावर बसला, आणि शांतीचं चिन्ह द्यायच्या वेळी पुढे येऊन माझा हात धरला. नऊ वर्षांनी त्याचा हात बघितला मी, अगदी पाय सारखा झालाय. (पाय म्हणजे आमचा बाप, कोंकणी न कळणाऱ्यांसाठी.)

ताई, तुम्ही साखर सोडा की नका सोडू. फोनमध्ये एखादं नाव असेल की जे आलं की बोट पुढे सरकतं, तर तिथून सुरू करून बघा.

नगरची_गोंयात

आहे तसं नाव. माझी धाकटी बहीण. मी हिंदू मुलाशी लग्न केलं तेव्हा ती जे बोलली त्यानंतर इतकी वर्षं फक्त वाढदिवसाचे मेसेज, तेही आईने आठवण केली तर. कुडतरीच्या मावशी, तुमचं वाचून दोन दिवस मी इथे काही लिहू शकले नाही.

ठरवलेलं सांगते. शुक्रवारी मासे नाहीत, डबा दोघांचा, त्याचे पैसे आमच्या दारावर येणाऱ्या मासळीवालीला, तिचा नवरा अंथरुणावर आहे हे मला चार वर्षांत आत्ता विचारल्यावर कळलं. बसमध्ये मोबाईल पर्समध्ये, मार्कचं शुभवर्तमान रोज थोडं, सोळाच अध्याय आहेत, सावकाश वाचून होईल. साखर यंदा सोडत नाही. आणि बहिणीला पहिल्या रविवारी फोन.

एकच शेवटचं विचारते. मी कॅथलिक नाही, तर बुधवारी आन्टींबरोबर गेले तर राख घेतलेली चालेल का? त्यांना विचारायला संकोच वाटला.

म्हापशेकार_मास्तर

घे की बाय, राख कुणीही घेऊ शकतं, बाप्तिस्मा कुठल्या चर्चमध्ये झाला हे कुणी विचारत नाही. फक्त कम्युनिअनच्या रांगेत जाऊ नको, ते आमच्याकडे कॅथलिकांनाच देतात, तेव्हा जाग्यावर बसून प्रार्थना कर. ती राख मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारची असते, लोक घरच्या क्रुसामागे खोचून ठेवलेल्या सुक्या झावळ्या आणून देतात आणि त्या जाळतात. तुझ्या आन्टींकडे दारावर असेलच एखादी, परत करायला नेणार असतील तर तुझ्या मुलाच्या हातात दे.

आणि तू मराठीची आहेस म्हणून आठवलं, क्रिस्तपुराण मिळालं तर बघ. फादर स्टीफन्स इंग्रज माणूस, जेझुइट, पण १६१६ साली इथे रायतूरला छापून घेतलं ते मराठी ओव्यांत. येशूच्या सहनाचा भाग मोठ्याने वाच, रोज पाच-दहा ओव्या, पोराला शेजारी घेऊन. जुनी मराठी आहे, सगळी कळणार नाही, पण ओवी कानाला ओळखीची लागेल, नवऱ्याला पण लागेल.

बुधवारी पहाटेच्या मिसाला गर्दी असते, आन्टींना आदल्या रात्री सांगून ठेव म्हणजे त्या बाकावर जागा धरतील.